कॅप्टनच्या केबिनची भिंत आणि आमचा खिळा



विषय वाचून काही मित्र हसतील. शिष्यवृत्त्या रखडल्यात, नोकऱ्यांचं खासगीकरण चाललंय, गावोगाव अत्याचार होतायत आणि हे लोक अंतराळयानाच्या कॅप्टनच्या खोलीत काय टांगलेलं असतं यावर लिहीत बसलेत! हसायला हरकत नाही. फक्त लेख पूर्ण वाचा आणि मग हसा. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही, तो एका खिळ्यामुळे आमच्याकडे आला.

२०१५ सालच्या जून महिन्यात आम्ही तिघांनी पुण्यात एक खोली भाड्याने घेतली. एक लातूरकडचा, एक यवतमाळचा, एक सोलापूरचा. मालकाने आधी पूर्ण नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं. आमच्यातल्या एकाच्या आडनावावरून काही कळत नाही. बोलणी त्यालाच करायला लावली. हे आम्ही ठरवून केलं, आणि ठरवताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. अटी तीन होत्या: भाडं पाच तारखेच्या आत, रात्री दहानंतर पाहुणा नाही, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

लातूरवाल्याच्या ट्रंकेत तळाशी, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर होती. घरून निघताना आईनेच दिलेली. ती ट्रंकेतच राहिली. खिळ्याची अट होती ना! महिन्याभराने वरच्या खोलीतल्या पोरांकडे स्क्रू ड्रायव्हर मागायला गेलो, तर तिथे भिंतीवर देवाची मोठी फ्रेम, खाली लाकडी फळी, फळीला चार खिळे. मालक तोच, अटी त्याच. आम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली आलो. तिघांपैकी कोणीच काही बोललं नाही आणि तसबीर बाहेर काढायची भाषाही कोणी केली नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तोवर मालक आम्हाला एक शब्दही वावगा बोलला नव्हता. भीती आमचीच होती, आणि ती आम्हाला कोणी शिकवावी लागली नव्हती.

त्या काळात रात्री जेवण झालं की एका लॅपटॉपवर आम्ही 'स्टार ट्रेक' पाहायचो. सोलापूरवाला त्याचा वेडा. त्याने आधी जुनी मालिका दाखवली, मग कॅप्टन पिकार्डची, मग 'डीप स्पेस नाइन'. पाहता पाहता आमचं लक्ष लढाया सोडून खोल्यांकडे जाऊ लागलं. स्वतःच्या खोलीची भिंत कोरी असली की माणूस दुसऱ्याच्या भिंती जरा जास्तच निरखून पाहतो.

पिकार्डची खोली बघा. काचेच्या टाकीत एक मासा, शेक्सपिअरचं जाडजूड पुस्तक, पुरातन वस्तू. कोणी त्याला विचारत नाही, की बाबा रे, तू चोविसाव्या शतकात राहतोस, माणसं ताऱ्यांवर पोचली, मग हा सात-आठशे वर्षांपूर्वीचा इंग्रज नाटककार टेबलावर कशाला? ती संस्कृती समजली जाते. सार्वत्रिक, सगळ्या मानवजातीची. कॅप्टन कर्कचंही तसंच. १९८२ च्या चित्रपटात त्याच्या वाढदिवसाला स्पॉक त्याला डिकन्सची कादंबरी भेट देतो, डॉक्टर मॅकॉय जुना चष्मा देतो, आणि त्याचं घर जुन्यापुराण्या वस्तूंनी भरलेलं असतं. तो छंद समजला जातो.

आता सिस्कोची खोली बघा. बेंजामिन सिस्को हा 'डीप स्पेस नाइन'चा नायक. मालिका १९९३ ते १९९९ चालली, भूमिका केली एव्हरी ब्रुक्स या काळ्या अभिनेत्याने. काटेकोर चाहते लगेच म्हणतील की सिस्को यानात नाही, स्थानकावर राहतो, आणि सुरुवातीला तर तो कॅप्टनही नव्हता. खरं आहे. १९९५ साली तिसरं पर्व संपताना तो कॅप्टन झाला. पण त्याच पर्वाच्या सुरुवातीला, १९९४ च्या भागात, त्याने एक गोष्ट केली ती आम्हाला त्याच्या बढतीपेक्षा मोठी वाटते. पृथ्वीवर कोठारात पडून असलेला प्राचीन आफ्रिकी कलेचा आपला संग्रह तो स्थानकावर घेऊन आला. कारण एवढंच, की आता हे आपलं घर आहे असं त्याला वाटू लागलं होतं. दोन वर्षं तो तिथला प्रमुख होता, हुकूम देत होता, तरी घर झालं नव्हतं. पूर्वजांच्या हातच्या वस्तू भिंतीवर लागल्या तेव्हा घर झालं.

आणि ते स्थानक कोणतं? कार्डेशियन नावाच्या वसाहतवाद्यांनी बांधलेलं. बेजोर ग्रहाच्या लोकांना गुलाम करून त्यांच्याकडून तिथे खनिज शुद्ध करून घेतलं जायचं. म्हणजे मालकांनी उभारलेल्या आणि गुलामांच्या घामाने चाललेल्या इमारतीत, ज्याच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकलं गेलं असा माणूस आपल्या मातीतली शिल्पं मांडतो. मालिका यावर भाषण करत नाही. ती शिल्पं फक्त मागे दिसत राहतात.

इथे आम्हा तिघांत पहिला वाद झाला. यवतमाळवाला म्हणाला, "त्या काळात वंशभेद संपलाय असं हीच मालिका सांगते ना? मग याला आफ्रिका कशाला धरून ठेवायची आहे? आपलंच सांगायचं तर उद्या जात संपली, तर भिंतीवर फोटो कशाला लागेल?" प्रश्न चांगला आहे. हाच प्रश्न आपल्याला ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीत वेगळ्या तोंडाने विचारला जातो: "आता कुठे राहिली जात? तुम्हीच धरून बसलाय." त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवं.

पहिलं उत्तर असं की प्रश्न फक्त सिस्कोला का? पिकार्डला का नाही? शेक्सपिअर ही संस्कृती आणि आफ्रिकी मुखवटा ही 'आयडेंटिटी', हा भेद कोणी केला? आपल्याकडेही वरच्या खोलीतली फ्रेम ही श्रद्धा असते, नव्या गाडीवरचं लिंबू ही परंपरा असते, सरकारी कचेरीतली पूजा ही रीत असते आणि आमच्या भिंतीवरचे बाबासाहेब तेवढे 'जातीयवाद' असतात. ज्याची ओळख सत्तेच्या मापाने शिवलेली असते, त्याला ती अंगावर आहे हे जाणवतसुद्धा नाही. त्याला स्वतः निव्वळ माणूस असल्यासारखं वाटतं आणि बाकीचे सगळे कुठल्या तरी समाजाचे वाटतात.

दुसरं उत्तर खुद्द मालिकेतच आहे. १९९९ च्या एका भागात सगळे सहकारी १९६२ च्या लास वेगासच्या आभासी क्लबात मजा करायला जातात. सिस्को जायला तयार नसतो. तो सांगतो की खऱ्या १९६२ मध्ये त्या जागी आपल्या लोकांना गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. करमणूक करायला किंवा झाडलोट करायलाच आत घेत. त्याची मैत्रीण कॅसिडी, तीही काळीच, वेगळं मत मांडते. तिच्या मते हा क्लब तेव्हाचा नाही, तेव्हा जसा असायला हवा होता तसा आहे. शेवटी सिस्को जातो. कोण बरोबर? आमच्यात अजून एकमत नाही. पण दोघांपैकी कोणीही, ते काही घडलंच नव्हतं असं म्हणत नाही. भेद संपला तरी तो संपवायला काय लागलं याची आठवण ठेवावी लागते. ती फेकून देणारा समाज पुन्हा त्याच वाटेने जायला मोकळा होतो.

आणि १९९८ चा तो भाग! एव्हरी ब्रुक्सनेच दिग्दर्शित केलेला. त्यात सिस्कोला स्वतःचंच दुसरं आयुष्य दिसतं. १९५३ चं न्यूयॉर्क, बेनी रसेल नावाचा काळा लेखक, एका विज्ञानकथा मासिकात काम करतो. वाचकांसाठी लेखकांचा फोटो काढायचा असतो त्या दिवशी त्याला येऊ नकोस असं सुचवलं जातं. तो दूर ताऱ्यांमधल्या स्थानकाच्या काळ्या कॅप्टनची गोष्ट लिहितो, आणि संपादक म्हणतो की काळा कॅप्टन कोणाला पटणार नाही. शेवटी तो अंक छापूनही मालक तो नष्ट करायला लावतो. त्या रात्री आम्ही लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ तिघेही गप्प होतो. ज्याचं नाव चालतं पण चेहरा चालत नाही, अशा माणसाची ती गोष्ट होती. आणि मालकाशी बोलणी करायला आम्ही कोणाला पुढे केलं होतं, हे आम्हाला चांगलंच आठवत होतं.

डिसेंबरात लातूरवाल्याची आई आली. सहा तारखेला चैत्यभूमीला निघाली होती, वाटेत एक रात्र आमच्याकडे उतरली. चप्पल काढली, पाणी प्याली, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "बाबासाहेब कुठं हायेत रे?"

कोणी उत्तर दिलं नाही. मुलाने ट्रंकेकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. ती रागावली नाही, आणि तेच जास्त लागलं. तिने ट्रंक उघडली, लुगडं सोडलं, तसबीर पदराने पुसली आणि रात्रभर उशाशी उभी करून ठेवली. सकाळी निघताना ती पुन्हा लुगड्यात गुंडाळून जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "मालक काढील म्हणून भेव वाटतं, मला कळतं. पर आत ठिवून कुणाला राखताय? त्यांना का सवताला?"

आता बडोद्याची आठवण येणारच. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. शंभर वर्षं होत आली तरी आम्ही नावाची तीच युक्ती वापरत होतो. फरक एवढाच की बाबासाहेबांना ती नाइलाजाने एकदा करावी लागली आणि त्यांनी ती लिहून जगासमोर मांडली. आम्ही ती सवयीची करून घेतली होती आणि तिला 'ॲडजस्टमेंट' म्हणत होतो.

मग २०१६ चा जानेवारी आला. हैदराबादच्या विद्यापीठात हॉस्टेलमधून बाहेर काढलेल्या पाच दलित विद्यार्थ्यांमधला रोहित वेमुला १७ जानेवारीला गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं त्याचं स्वप्न होतं. ताऱ्यांकडे पाहणारा आपला मुलगा. हॉस्टेलची खोली सोडून सामानासह बाहेर पडतानाचा त्याचा फोटो साऱ्या देशाने पाहिला. त्या फोटोत त्याच्या हातात बाबासाहेबांची तसबीर होती. खोली हिसकावली जात असताना माणूस काय उचलतो, त्यावरून ती खोली त्याच्यासाठी काय होती ते कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची खिळा आणला. हातोडा वरच्या पोरांकडून मागून घेतला. तसबीर लागली.

फेब्रुवारीत मालक भाड्याला आला. दारातूनच भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. खिळ्याबद्दल काहीच बोलला नाही. एप्रिलमध्ये निरोप आला, की घरात लग्न आहे, अकरा महिने भरले की खोली लागणार. आम्ही मे महिन्यात खोली सोडली. जूनमध्ये कळलं की त्याच महिन्यात तिथे दुसरी तीन पोरं राहायला आली. लग्नाचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. कोर्टात सिद्ध करण्यासारखं यात काही नाही, हे आम्हालाही कळतं. आजचा जातिवाद असाच असतो. तो पावती देत नाही.

सिस्कोच्या टेबलावर बेसबॉलचा एक चेंडू असतो. १९९७ च्या एका भागात शत्रू स्थानकावर चाल करून येतो आणि सिस्कोला ते सोडावं लागतं. जाताना तो चेंडू मुद्दाम टेबलावर ठेवून जातो. शत्रूचा सेनापती येऊन खुर्चीत बसतो, चेंडू हातात घेतो आणि समजून जातो की हा माणूस परत येणार आहे. आम्ही काही चेंडू ठेवला नाही. तसबीर तर सोबतच घ्यायची होती. पण खिळा मात्र भिंतीतच ठेवून आलो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की म्हणजे फोटो लावला की क्रांती झाली. मित्रांनो, तसं आमचं म्हणणं नाही, आणि त्यासाठी या साऱ्या कॅप्टनांच्या आजोबाकडे जाऊ. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो. कादंबरी १८७० ची, जहाज समुद्राखालचं, पण कॅप्टनच्या खोलीचं वर्णन करायची परंपरा तिथून ठळक झाली. १८७५ च्या पुढच्या कादंबरीत उलगडतं की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. त्याच्या खोलीच्या भिंतीवर स्वातंत्र्यासाठी झगडलेल्यांची चित्रं आहेत. पोलंडचा कोश्चुश्को आहे, आयर्लंडचा ओकॉनेल आहे, लिंकन आहे आणि गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेला जॉन ब्राउनही आहे. त्याच सुमारास, १८७३ साली, इकडे महात्मा फुले 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लढणाऱ्या लोकांना अर्पण करत होते. निमोची भिंत आणि फुल्यांची अर्पणपत्रिका एकाच दिशेला पाहतात.

पण भिंतीवरून नजर जरा खाली आणा. निमोच्या ग्रंथालयात बारा हजार पुस्तकं, दालनात जगातली उत्तमोत्तम चित्रं. खलाशांची खोली मात्र जेमतेम पाच मीटर लांबीची, आणि पाहुण्यांना जहाज दाखवताना तिचं दार बंद. बारा हजार पुस्तकांत अर्थशास्त्राचं एकही नाही, ते त्याने हद्दपार केलंय. राजपुत्राची क्रांती अशीच असायची! भिंतीवर मुक्तिदाते, पण कष्ट कोणाचे आणि मालकी कोणाची हा हिशोब कपाटात नको. बाबासाहेबांनी नेमका तोच हिशोब शिकायला घेतला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. पुढे दादरला राजगृह उभं राहिलं, त्यातही मोठी जागा पुस्तकांना होती. त्या पुस्तकांतून कायदे, मोर्चे आणि राज्यघटना बाहेर आली. निमोची पुस्तकं त्याच्यासोबत समुद्राच्या तळाशी राहिली.

हा निमो आपल्यातही आहे. बंगल्याच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची सहा फुटी तसबीर, आणि वस्तीतला पोरगा फीच्या मदतीला आला तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत." भिंत बघायची तर दारही बघायला हवं.

उलट बाजूही सांगतो. जुन्या मालिकेत, १९६८ च्या एका भागात, उहुरा ही काळी अधिकारी आपली खोली एका परग्रहावरच्या राणीसाठी रिकामी करून देते, आणि राणी तिथल्या सजावटीला नाकं मुरडते. खोली देऊनही अपमान! हे आपल्या ओळखीचं आहे. पण उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायच्या विचारात असताना खुद्द मार्टिन ल्युथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं होतं, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. त्या थांबल्या. त्यांना पडद्यावर पाहत एक मुलगी मोठी झाली, मे जेमिसन. १९९२ च्या सप्टेंबरात ती अंतराळात जाणारी पहिली काळी अमेरिकन स्त्री ठरली. खऱ्या यानात स्वतःच्या वस्तू अगदी मोजक्याच नेता येतात. तिने नेलेल्या वस्तूंमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या संघटनेची एक मूर्ती होती आणि बेसी कोलमनचा फोटो होता. बेसी कोलमन म्हणजे १९२१ साली वैमानिकाचा परवाना मिळवणारी काळी स्त्री. अमेरिकेतल्या शाळा घेईनात म्हणून ती फ्रान्सला जाऊन शिकली होती. जिला स्वतःच्या देशात विमान शिकवायला कोणी तयार नव्हतं, ती फोटोच्या रूपाने विमानांच्याही वर पृथ्वीभोवती फिरून आली.

म्हणून तरुण मित्रांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, आपल्या पोरापोरींनी विज्ञानकथा लिहाव्यात. उद्याच्या यानात कॅप्टन कोण असेल आणि त्याच्या भिंतीवर कोण असेल हे ठरवायचं काम दुसऱ्यांवर सोडू नका. कोणाला पटणार नाही असं सांगणारे संपादक १९५३ सारखे आजही भेटतील. तरी लिहा.

दुसरी, ट्रंक उघडा. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. एकट्या मुलीला परक्या शहरात खोली टिकवायची असेल, तर तिने काय करावं हे आम्ही इथे बसून सांगणार नाही. पण तसबीर आत राहिली तर ती कोणाच्या भीतीने आत आहे, याचं उत्तर निदान स्वतःला तरी खरं द्या.

आम्ही तिघे आता वेगवेगळ्या शहरांत आहोत. लातूरवाल्याच्या आईने बाकी दोघांनाही तशीच एकेक तसबीर दिली, लुगड्यात न गुंडाळता. नवीन घर बघायला गेलो की भाडं विचारायच्या आधी आम्ही एकच विचारतो, "भिंतीला खिळा चालेल का?" समोरचा का म्हणून विचारतो. आम्ही सांगतो, बाबासाहेबांचा फोटो लावायचा आहे.

काही घरं तिथेच हातची जातात. एक मिळतं, पण ते आमच्या खऱ्या नावाने.

जयभीम!